चार गावांतले आवाज, एका घरातलं नाटक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या तुमच्या नाटकमंडळातले सहा जण नोकरी-शिक्षणापायी पांगले आहेत. दोघं इंदुरात, दोघं पुण्याला, एक वडोदऱ्यात, एक ग्वाल्हेरला. सगळ्यांनी मिळून रामबागेतल्या एका मराठी कुटुंबाची गोष्ट सहा भागांच्या श्राव्यनाट्यात करायची ठरवली आहे आणि प्रत्येक जण घरूनच आवाज देणार आहे. पहिला भाग तयार झाला. ऐकणारे म्हणतात, आवाज स्वच्छ आहेत, पण सगळे वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचताहेत असं वाटतं. तेव्हा प्रत्येकाला चांगला कंडेन्सर माइक घेऊन द्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

माइक सध्या घेऊ नका. तुम्ही पाठवलेला भाग मी दोनदा ऐकला. तिसऱ्या प्रसंगात आई विचारते, "मग कधी निघणार?" आणि मुलगा म्हणतो, "रविवारी." आईचा प्रश्न इतका दबकत आलाय की उत्तर तिला आधीच ठाऊक आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. मुलाचं "रविवारी" मात्र बँकेच्या खिडकीवर तारीख सांगावी तसं आलंय. तो मुलगा वाईट नट नाही, पुढच्या प्रसंगात एकटा बोलतो तेव्हा छान बोलतो. त्याने आईचं वाक्य कागदावर वाचलं होतं, कानांनी ऐकलं नव्हतं, इतकंच. तिथे कितीही महागाचा माइक लावलात तरी ते "रविवारी" तसंच राहील.

हे मी छातीठोकपणे सांगते, कारण माझ्याकडून हेच झालं होतं. घरून रेकॉर्डिंग करण्याची पहिली वेळ. सोय बघून मी प्रत्येक कलाकाराला त्याची वाक्यं वेगळी काढून दिली आणि सवडीने बोलून फाइल पाठवा म्हटलं. दोन बहिणींचं भांडण होतं. धाकटीने पहिल्या वाक्यापासून आवाज चढवला. थोरलीने पुण्यात बसून तोच प्रसंग थकलेल्या, समजुतीच्या सुरात केला. दोन्ही कामं आपापल्या जागी उत्तम होती, पण शेजारी ठेवली तर धाकटी वेडी वाटायची आणि थोरली बहिरी. आठवडाभर कापाकापी करून शेवटी सगळा प्रसंग दोघींना फोनवर समोरासमोर आणून पुन्हा केला. पाऊण तासात झाला.

मालवा हाउस, म्हणजे आमचं इंदूरचं १९५५ पासूनचं आकाशवाणी केंद्र. तिथे कॉलेजात असल्यापासून मी हिंदी नाटकांत आवाज दिले. मध्ये एक माइक, दोन्ही बाजूंना उभे कलाकार, हातात सुटे कागद, आणि एक पान संपलं की ते आवाज न करता खाली सोडायचं. समोरच्याचे डोळे दिसायचे, तो श्वास घेताना दिसायचा, आणि त्या श्वासावरून आपलं वाक्य कसं पडायचं ते ठरायचं. यंत्रं तेव्हा आजच्यापेक्षा साधी होती, पण एकमेकांना ऐकणं फुकट मिळायचं. घरून काम करताना तेवढी एक गोष्ट हरवते आणि ती आपल्याला कष्टाने परत आणावी लागते. बाकीच्या तांत्रिक गोष्टी मी नंतर सांगते, त्यांच्यावर तोडगा आहे.

तर नियम पहिला: दोन माणसांचा प्रसंग दोन्ही माणसं लाइनवर असल्याशिवाय रेकॉर्ड करायचा नाही. गर्दीतले, दुकानदार, रिक्षावाला, एखाद-दोन वाक्यांचे पाहुणे यांचे आवाज सुटे घेतले तर चालतात. आई आणि मुलगा, नवरा आणि बायको, दोन भाऊ, हे कधीच सुटे नाहीत. समोरचा कलाकार खरोखरच मिळत नसेल तर दिग्दर्शकाने त्याची वाक्यं बोलून क्यू, म्हणजे पुढच्याला बोलायचा इशारा, द्यायचा, आणि ती वाक्यं नुसती वाचायची नाहीत, करायची. तुमच्याकडून सपाट क्यू गेला तर सपाट उत्तर येणार.

त्यासाठी प्रत्येकाकडे दोन उपकरणं लागतात. एकावर कॉल, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग. कॉलचा आवाज नाटकात कधीही वापरायचा नाही. कॉलची अ‍ॅपं बोलणं समजावं म्हणून बनवलेली असतात. ती खोलीतला खरखराट कापताना हुंदका, दबलेलं हसू, कुजबुज हेही खरखर समजून गिळतात. एकदा एका मुलीने रडण्याचा फार सुंदर प्रसंग केला आणि कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये तिच्या शब्दांच्या मध्ये निव्वळ शांतता होती. तिच्या टेबलावरच्या दुसऱ्या फोनने सगळं टिपलं होतं म्हणून वाचलो. तर रेकॉर्डिंगचा फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन प्रसंगात कोणाच्या तरी मावशीचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. कॉलसाठी वायरचे इअरफोन लावा. ब्लूटूथ नको, त्याने आवाज आणखी उशिरा पोचतो. दोन्ही कानांत नीट बसणारे घ्या, म्हणजे समोरच्याचा आवाज बाहेर गळून माइकमध्ये शिरणार नाही.

या उशिराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पहिल्या भागाची लय सैल वाटते त्याचं अर्धं कारण इथे आहे. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर बोलणं सुरळीत वाटतं, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निकष आहे. घरच्या वाय-फायवर आणि ब्लूटूथवर त्याच्या दुप्पट सहज होतो. म्हणजे वडोदऱ्याचा मुलगा आईचं वाक्य ऐकल्या ऐकल्या बोलला तरी आईला तो अडखळल्यासारखा ऐकू येतो. यंत्रात पडलेली ही पोकळी काढायला सोपी असते. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो, संकलनात ट्रॅक पुढे सरकवला की झालं. अवघड असते ती कलाकाराच्या डोक्यात शिरलेली पोकळी. अर्ध्या तासात सगळे नकळत एकमेकांसाठी थांबायला लागतात, सभेत बोलावं तसं. तो संथपणा मग आवाजातच उतरतो आणि ट्रॅक सरकवून जात नाही.

मी त्यावर असं करते. एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त रेकॉर्डिंग नाही. प्रत्येक प्रसंग आधी एकदा रेकॉर्ड न करता, मुद्दाम अति जलद, जवळजवळ एकमेकांच्या अंगावर पडत म्हणायचा. त्यानंतर लगेच टेक. बोलताना, चर्चा करताना कॅमेरा चालू, टेक सुरू झाला की बंद. चेहरा बघत राहिलं की आपण चेहऱ्याने अभिनय करतो आणि नाटकात तो पोचत नाही.

एकमेकांचं बोलणं तोडण्याचे प्रसंग मात्र या पद्धतीत थेट होतच नाहीत, तिथे हट्ट धरू नका. ते लिहिताना सोडवायचे. तुमच्या संहितेत आहे, "पण मी तुला सांगितलं होतं की..." आणि पुढे टिंबं. टिंबांवर येऊन कलाकार थांबतो, आणि वाक्य तोडलं गेलं असं न वाटता संपल्यासारखं वाटतं. त्याऐवजी पूर्ण लिहा: "पण मी तुला सांगितलं होतं की बाबांना यातलं काही कळता कामा नये." कलाकाराने ते पूर्ण जोर लावून शेवटपर्यंत म्हणायचं. संकलनात "की"नंतर दुसऱ्याचं वाक्य त्याच्यावर चढवायचं आणि पहिलं हळूच विरवायचं. मग ते खरंखुरं तोडल्यासारखं लागतं, कारण बोलणाऱ्याला खरंच पुढे काही सांगायचं होतं.

प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. "प्रसंग तीन, वाक्य चौदा, टेक दोन" असं बोलून एक टाळी वाजवायची, टाळीचा टोकदार सुळका पडद्यावर लगेच सापडतो. ही टाळी प्रत्येक प्रसंगाला नव्याने वाजवा. दोन उपकरणांची घड्याळं दशलक्षात वीस भागांनी जरी वेगळी चालली तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचा फरक पडतो. लांबलचक एकच फाइल घेतली तर सुरुवातीला जुळलेले ट्रॅक शेवटी जुळत नाहीत.

प्रसंग संपला की कोणालाही उठू देऊ नका. आता शब्द नसलेले आवाज घ्यायचे. ऐकता ऐकता येणारे हुंकार, "हं", "अं?", नाकातून सुटलेलं हसू, चहाचा घोट, आवंढा, उठताना निघणारा श्वास. प्रत्येकाकडून तीन-तीन वेळा. तुमच्या पहिल्या भागात आई अडीच मिनिटं बोलते आणि मुलगा तेवढा वेळ जगातून नाहीसा होतो. पडद्यावर तो दिसला असता. इथे तो फक्त श्वासातून आणि हुंकारांतून हजर राहू शकतो. श्वास साफ करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये श्वास आपोआप काढण्याची सोय दिसली की नवी मंडळी ती वापरतात, आणि माणसं बाहुल्या होतात. अखेरीला प्रत्येकाने तीस सेकंद गप्प बसून आपल्या खोलीची शांतताही रेकॉर्ड करायची. वाक्यांमधले सांधे भरायला ती लागते.

आता आवाजाची ताकद. घरून काम करणाऱ्या नटाच्या डोक्यात शेजारी बसलेला असतो. फ्लॅटमध्ये रात्री "चालती हो इथून!" कोण ओरडणार? तो ओरडल्यासारखं बोलतो, म्हणजे घसा आवळून पुटपुटतो, आणि आवाज कितीही मोठा केला तरी ते ओरडणं होत नाही. अशा वाक्यांसाठी उभ्या केलेल्या गाडीत जाऊन बसा. काचा वर, इंजिन बंद. आतल्या गाद्या आणि छताचं कापड आवाज चांगला शोषतात आणि माणूस मोकळेपणाने ओरडतो. माइक हातभर लांब धरा, तोंड किंचित बाजूला वळवा, आणि २४-बिटमध्ये (आवाज जास्त बारकाव्याने साठवणारी सेटिंग) पातळी खालीच ठेवून घ्या. नंतर वाढवता येते, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

तुमच्या चौथ्या प्रसंगात सगळे इंदूर स्टेशनच्या फलाटावर आहेत आणि तरी दिवाणखान्यात बसल्यासारखे बोलताहेत. गोंगाटात माणूस आपसूक आवाज उंचावतो, शब्द लांबवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. नटाला ते सांगून येत नाही. स्टेशनचा रेकॉर्ड केलेला कल्ला त्याच्या इअरफोनमध्ये सोडा, चांगला मोठ्याने, आणि मग बोलायला लावा. टेक बदललेला तुम्हाला लगेच कळेल.

जवळ-लांबचंही असंच. आकाशवाणीत लांबून येणारं पात्र खरंच माइकपासून चार पावलं मागे जाऊन बोलत यायचं. घरी हे करू नका, कारण मागे गेलं की खोली ऐकू येते, आणि ती रामबागेतल्या वाड्याची नसून पुण्यातल्या बेडरूमची असते. माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून गाडीतलं ओरडणं सोडून सगळ्यांनी सगळं जवळून बोलायचं, एक वीत अंतरावरून. अंगणातून हाक मारायची असेल तर ताकद अंगणातून हाक मारण्याचीच लावायची. अंतर आम्ही नंतर मिश्रणात तयार करतो: पातळी खाली, खर्जाचा भाग थोडा कापून, वरची धार बोथट करून, आणि भिंतींचे पडसाद वाढवून. नटाने ताकद लावली नसेल तर यातलं काहीच कामाला येत नाही, शेजारी बसलेला माणूस उगाच लांब ठेवल्यासारखा वाटतो.

खोलीचा बंदोबस्त करायला पैसे लागत नाहीत. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही. आजीच्या गोधड्या काढा. आणि त्या माइकच्या मागे टांगण्याआधी बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. समोरून ऐकणारा माइक तुमच्याकडे तोंड करून असतो, म्हणजे तो तुम्हाला आणि तुमच्या मागच्या भिंतीला ऐकतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याला पाठ लावून उभं राहिलं तर निम्मं काम होतं. खोलीच्या कोपऱ्यात तोंड घालून बोलू नका, तिथे खर्ज साठतो आणि गोधडीने तो जात नाही. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना स्कूटरची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायची आठवण राहील.

इंदूरकरांना वेळापत्रक वेगळं सांगायला हवं का? सकाळी कचरागाडी गाणं लावून गल्लीत शिरते तेव्हा काहीही रेकॉर्ड होणार नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, यांच्या तारखा आधीच वगळून ठेवा. पुण्याच्या मंडळींना गेर म्हणजे काय हे एकदा सांगून टाका, नाहीतर ते नेमका तोच दिवस मागतात. आणि मे महिन्यात सरळ रात्री अकरानंतर काम करा. 'शब-ए-मालवा', म्हणजे माळव्याची रात्र, असं लोक उगाच म्हणत नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यातही रात्र उतरते, पंख्यावाचून तासभर बसवतं. वडोदऱ्याच्या मुलाला ते सुख नाही. त्याचे प्रसंग लहान तुकड्यांत घ्या आणि मध्ये पंखा लावू द्या.

आता माइक. कंडेन्सर माइक नाजूक ऐकतो आणि खोलीही तितक्याच नाजूकपणे ऐकतो. ज्यांची खोली शांत आणि भरलेली नाही त्यांना तो देणं म्हणजे भिंतीचा आवाज महागात विकत घेणं. साधा डायनॅमिक माइक, शुअर एसएम ५८ सारखा, जवळून वापरला तर खोली बरीच बाहेर ठेवतो, मात्र त्याला संगणकाशी जोडायला इंटरफेस नावाची पेटी लागते. पैसे असतील तर सहा वेगवेगळे माइक घेण्यापेक्षा एकाच जातीचे दोन संच घ्या आणि कुरिअरने फिरवा. सगळे आवाज एकाच जातीच्या माइकमधून आले की जुळवाजुळव खूप हलकी होते. पैसे नसतील तर फोन पुरे. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये वेव्ह फॉर्मॅट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो निवडा आणि ऑटो गेन (आपोआप पातळी बदलणं), नॉइज सप्रेशन (आपोआप खरखर कापणं) बंद करा. ऑटो गेन चालू राहिला तर माणूस थांबला की खोली वर येते आणि बोलायला लागला की खाली जाते. सगळ्यात मोठ्या वाक्याला सुळके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. २४-बिट मोनो फाइल तासाला साधारण ५२० एमबी होते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. आणि मूळ फाइल कलाकाराने भाग प्रसिद्ध होईपर्यंत पुसायची नाही.

मराठीची एक अडचण आहे. आपले ख, घ, ठ, थ, फ, भ हे महाप्राण वर्ण तोंडातून हवेचा झोत सोडतात, आणि 'भाऊ', 'फार', 'प'ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य माइकवर थडकतं. माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्यासमोर, तिरका ठेवा. झोत सरळ निघून जातो आणि आवाज मिळतो.

दुसरी अडचण उच्चारांची. तुमची गोष्ट एकाच घराची आहे. त्या घरात आई 'चांगला', 'जरा', 'माझा' दंततालव्य, म्हणजे जीभ दातांमागे टेकवून, म्हणते आणि इथे हिंदी शाळेत शिकलेला मुलगा तेच शब्द हिंदीतल्या च-ज-झ सारखे म्हणतो. मला ते चुकीचं वाटत नाही, इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत खरंच असं बोललं जातं आणि ते नाटकात यायला हवं. फक्त ते ठरवून यावं. वाचनाच्या पहिल्या दिवशी कोण कसं बोलणार हे पक्कं करा. पुण्यात वाढलेली नटी इंदूरच्या आजीचं काम करणार असेल तर तिला कोणा खऱ्या आजीशी दोन-तीनदा फोनवर गप्पा मारायला लावा. आजीची वाक्यरचना, मध्येच येणारी हिंदी, "अगं बाई" कुठे पडतं, हे कागदावर लिहून देता येत नाही.

संहितेबद्दल दोनच गोष्टी. १९२४ साली बीबीसीवर खास रेडिओसाठी लिहिलेलं जे नाटक झालं ते कोळशाच्या खाणीत घडतं आणि सुरुवातीलाच दिवे जातात. पात्रांनाही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही दिसत नाही. तो लेखक विषय निवडतानाच निम्मं जिंकला. तुमच्या लेखकाने दुसऱ्या प्रसंगात लिहिलंय, "अगं, तू ती निळी बॅग का भरतेयस?" असं घरात कोणी म्हणत नाही. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज द्या, आणि नवऱ्याला विचारू द्या, "किती दिवस?" ऐकणाऱ्याला बॅग दिसते, आणि नवऱ्याला काय बोचतंय तेही कळतं. दुसरी गोष्ट, पहिल्या मिनिटाभरात प्रत्येक पात्राला एकदा तरी नावाने किंवा नात्याने हाक जाऊ द्या, आणि एका प्रसंगात चारांपेक्षा जास्त आवाज ठेवू नका. तुमच्या दोन्ही मावश्या एकाच पट्टीत बोलतात, मला शेवटपर्यंत त्या वेगळ्या कळल्या नाहीत. एकीला सावकाश, खर्जात बोलायला लावा, नाहीतर दोघींची एक मावशी करा.

संकलनात आधी कोरडा कट करा. संगीत नाही, पावलं नाहीत, नुसती वाक्यं आणि श्वास. तो कट रेपर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करा नाहीतर ऑडॅसिटीत, त्याने फरक पडत नाही. तो डोळे मिटून ऐकला आणि प्रसंग उभा राहिला तरच पुढे जा. कोरडा कट लंगडत असेल तर सतार आणि पाऊस त्याला सावरणार नाहीत, हे मी अनेकदा स्वतःला फसवून शिकले आहे. खरखर काढण्याचं साधन हलक्या हाताने वापरा. जास्त काढलं की 'स' आणि 'श' पाण्यात बुडाल्यासारखे होतात.

मग खोली. सहा जणांच्या सहा खोल्या गोधड्यांनी जितक्या पुसता आल्या तितक्या पुसल्या, आता सगळ्यांना एकच नवी खोली द्यायची. एका प्रसंगातल्या सगळ्या आवाजांना एकच रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा घुमारा, एकाच मापाचा. यासाठी तयार रिव्हर्बपेक्षा खरी जागा उचलून आणा. तुमच्यापैकी दोघं इंदुरात आहेत. रामबागेत किंवा जुन्या इंदुरात कोणाचा वाडा अजून उभा असेल तर शांत वेळी परवानगी घेऊन जा, जिन्यात, माजघरात, अंगणात एकेक फुगा फोडा आणि तो आवाज विरेपर्यंत रेकॉर्ड करा. कॉन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये ती फाइल टाकली की त्या जिन्याचा घुमारा तुमच्या नटांच्या आवाजाला मिळतो. आम्ही एकदा दगडी जिन्याचा असा ठसा घेतला होता. पुण्यातली मुलगी आणि इंदूरचा म्हातारा पहिल्यांदा एका छपराखाली आल्यासारखे वाटले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तो वाडा आता पाडला आहे, ठसा अजून वापरात आहे.

त्यावर प्रसंगाचा सलग पार्श्वध्वनी अंथरा, तोही खरा. सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, दहानंतर वीस मिनिटं उभे राहा, राजवाड्यासमोर सकाळी सहाला कबुतरं आणि दुकानांचे शटर टिपा, पावसाळ्यात पाताळपाणीला जाऊन धबधबा आणा. या थराचा आणखी एक फायदा म्हणजे प्रत्येक कलाकाराच्या खोलीची वेगवेगळी सूक्ष्म खरखर त्याखाली झाकली जाते. वाक्यागणिक पार्श्वभूमी बदलत राहिली की ऐकणाऱ्याचं मन प्रत्येक वेळी दुसऱ्या खोलीत जातं, त्याला कारण सांगता आलं नाही तरी.

शेवटची पातळी स्टिरिओला उणे १६ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), मोनोला उणे १९, आणि ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच सुळका, उणे १ डेसिबलच्या वर नको. झाल्यावर फोनच्या छोट्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात, नळ चालू ठेवून ऐका. बहुतेक श्रोते तिथेच ऐकणार आहेत.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. सहाही जणांशी कामाआधी लेखी ठरवा: मानधन किती, आवाज कुठे-कुठे वापरणार, आणि त्या रेकॉर्डिंगवरून आवाजाची कृत्रिम नक्कल बनवणार नाही हे स्पष्ट शब्दांत. आपल्याकडे कलावंताला त्याच्या सादरीकरणावर कायद्याने ५० वर्षांचा हक्क आहे. मित्रमंडळी आहोत म्हणून कागद नको, असं म्हणू नका. घरी बसून माणूस आपला सुटा, स्वच्छ, तासन् तास आवाज तुमच्या हाती सोपवतो, त्याला ही खात्री मिळायलाच हवी.

पहिला भाग पूर्ण मोडायची गरज नाही. आई आणि मुलगा यांना या शनिवारी रात्री अकराला लाइनवर घ्या आणि फक्त तिसरा प्रसंग करा. आधी दहा मिनिटं त्यांना नाटकाबाहेरचं बोलू द्या, जेवलात का, तिकडे पाऊस आहे का, आईच्या स्वयंपाकघरात आत्ता काय आहे. मग एकदा झरझर, मग तीन टेक. "रविवारी" म्हणण्यापूर्वी त्या मुलाला आईचा प्रश्न पूर्ण ऐकू द्या आणि त्याला वाटेल तेवढं थांबू द्या, ते थांबणं कापू नका. कोरडा कट मला पाठवा, मी रात्रीच ऐकेन.